राउटरची लिफ्ट कोणी निवडायची

उजवा खांदा आखडला तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. व्यायाम सोडायचा नाही, आणि हात पिळून टेबलाखाली घालायचा नाही. पहिली जमण्यासारखी होती. दुसरी मोडूनच माझं काम चालत होतं.

वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी संपल्यापासून मी उचगावच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी देव्हारे करते. छोटे, फ्लॅटमधल्या भिंतीवर बसतील असे. जोतिबावरचे एक दुकानदार काही ठेवतात, बाकीचे ओळखीतून जातात. पट्टीला खाच आणि कडेला गोलाई पाडायला राउटर लागतो. त्याची मोटर टेबलाखाली उलटी टांगलेली असते, फिरणारं पातं टेबलाच्या भोकातून वर येतं. हे पातं केसभर वर-खाली करायचं तर गुडघ्यावर बसायचं, एका हातानं मोटरचं वजन पेलायचं आणि दुसऱ्यानं पकड सैल करायची. दर देव्हाऱ्याला हे कितीतरी वेळा. आखडलेल्या खांद्यानं ते होईना. शेड बंद पडायची वेळ आली.

यावर लिफ्ट नावाचा उपाय आहे. मोटर धरणारी एक चौकट आणि तिला उभा स्क्रू. टेबलाच्या वरून किल्ली घालून फिरवली की मोटर वर येते. मी बरेच दिवस वाचलं, व्हिडिओ पाहिले आणि काय हवं ते ठरवलं. किल्ली वरून फिरली पाहिजे. उंची पक्की करणारा लॉकही वरूनच लागला पाहिजे. आणि चौकटीची पकड माझ्याकडच्या मोटरला नेमकी बसली पाहिजे.

राजारामपुरीतल्या हत्यारांच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुचाकी मला चालवता येत नव्हती, म्हणून नवरा बरोबर होता. दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं.

"बोला पावणं, मोटर कुठली हाय?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. दुकानदारानं उत्तर नवऱ्याला दिलं.

"फर्निचरचं काम हाय व्हय तुमचं?"

"माझं न्हाय, हिचं हाय."

"आसं व्हय! छंद चांगला हाय."

"धंदा आहे," मी म्हटलं. "ती वरची खोकी काढा."

त्यानं तीन लिफ्ट काउंटरवर ठेवल्या. एक ट्रिमरसाठी, म्हणजे हातात धरायच्या छोट्या राउटरसाठी होती, मोठ्या मोटरला निरुपयोगी. दुसरी देखणी होती, पण तिचा लॉक खालून लागत होता, म्हणजे पुन्हा तिथंच हात. तिसरीची किल्लीही वर आणि लॉकही वर. मी ती डाव्या हातानं पूर्ण खाली नेली, पूर्ण वर आणली. मोटरचं माप कागदावर आणलं होतं, ते पकडीशी ताडून पाहिलं. हीच, असं मी म्हटलं.

तोवर नवऱ्यानं त्याच्या धाकट्या भावाला फोन लावला होता. माझे दीर मशीन शॉप चालवतात. पंपाचे भाग, उसाच्या चरकाचे भाग, जे येईल ते. फोन स्पीकरवर होता.

"वहिनी, कशाला घेताय? दोन दांडं आन् एक स्क्रू, दुसरं काय हाय त्यात? बिडाच्या लोखंडाची ओतून देतो की! नातवंडं वापरतील तुमची!"

"भाऊजी, मला हीच पाहिजे. किल्ली वरून फिरते. खाली हात जायला नको आहे मला."

"व्हय व्हय, कळलं की. ठेवा ते खोकं."

दुकानदार हसला. "घरातच कारखाना आसल्यावर आमी काय माशा मारायच्या?" म्हणत त्यानं खोकं उचललं. नवरा त्याच्याबरोबर हसला. खोकं फळीवर परत गेलं. ते मी काउंटरवरच दाबून धरायला हवं होतं की नाही, यावर नंतर घरात पुष्कळ बोलणं झालं. ते खोकं उचलायचा अधिकार त्या दोघांना कोणी दिला, यावर झालं नाही.

या गावात भट्ट्या आणि लेथ इतके आहेत की लोखंडाची वस्तू विकत घेणं म्हणजे कमीपणा. नमुना दाखवा, करून देतो. ड्रॉइंग कोणी मागत नाही. माझ्या लिफ्टसाठी नमुना म्हणून दिरांनी राउटरची मोटरच नेली. मी त्या वेळी फिजिओथेरपीला गेले होते. घरी आले तर टेबलाला नुसतं भोक. माप मी त्यांना आनंदानं दिलं असतं. ते कोणी मागितलं नाही.

चौकट आली ती टेम्पोतून. मी शेडमध्ये पोचेपर्यंत तिला हळदकुंकू लागलं होतं, नारळ फुटला होता आणि सासूबाई खोबरं वाटत होत्या. काम सुबक होतं, यात शंका नाही. दोघांना उचलावी लागली. मी वाकून पाहिलं. फिरवायचं चाक तळाला होतं.

"चाक खाली?"

"मग? किल्लीसाठी भोक पाडलं की वरची प्लेट कमजोर हुती. आता बगा कसं दणदणीत बसलंय. एका बोटानं फिरतंय!"

"ते बोट माझ्या हाताला आहे, भाऊजी. आणि हात तिथं जात नाही. दुकानातूनच सांगितलं होतं."

"मग दादाला हाक मारायची. घरातच आसतोय की."

सगळे हसले. दीर खुशीत होते, त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "आन् वहिनी, तुमची मोटर गोलच न्हवती. डायल लावून बगितली. कंपनीनं नुसतं ओतून दिलंय, एका कडंला निमुळती. म्या कवच सुटं करून लेथला लावलं आन् सरळ करून टाकलं. दोन खुंट्या बी आडव्या येत हुत्या, त्या उडवल्या. आता कशी गुळगुळीत हाय बगा!"

मोटर हातात घेतली. कवच आरशासारखं चकाकत होतं. तो निमुळतेपणा मुद्दाम होता. त्या खुंट्यांवर मोटर तिच्या मूळ बैठकीत, म्हणजे टेबलाखालच्या कंपनीच्या पकडीत, अडकत होती. आता ती त्या बैठकीत थांबत नव्हती, खाली घसरत होती. अंग बारीक झाल्यानं बाजारातल्या लिफ्टच्या पकडीतही ती धरली जाणार नव्हती. ती बसणार होती फक्त दिरांच्या चौकटीत, जिचं चाक मला फिरवता येत नव्हतं.

"कोणाला विचारून हात लावला तिला?"

खोबरं चावणं थांबलं.

"अगं, तुझ्यासाठीच केलंय त्यानं," नवरा म्हणाला.

"नारळ फोडलाय बाई. आता आसं तोंडातनं काढू नगंस," सासूबाई म्हणाल्या.

"माझी मोटर होती. कापायच्या आधी मला विचारायचं."

"चांगलं करायला गेलतो, झालं वाईट," दीर म्हणाले आणि हात पुसत निघून गेले. जेवायला थांबले नाहीत. रात्री नवऱ्यानं दोनदा सांगितलं की उद्या फोन करून माफी माग. मी फोन केला नाही. ज्यांनी ऐकलं नाही, कापलं आणि वर हसले, त्यांच्यातल्या एकानंही मला फोन केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एकटी रिक्षानं राजारामपुरीत गेले. दुकानदारानं माझ्या मागे पाहिलं. "सायेब न्हाय आले?"

"मशीन मी चालवते. तिसरी लिफ्ट काढा. आणि मोटरही नवी दाखवा."

त्यानं या वेळी माझ्याकडे बघून माहिती सांगितली. बसवायला मला वेळ लागला, कारण बहुतेक सगळं डाव्या हातानं केलं. नवरा शेडच्या दारात येऊन दोनदा "धरू का?" म्हणाला. मी नको म्हटलं. चौकट आणि जुनी मोटर टेम्पोनं दिरांकडे परत पाठवली. घरात त्याचा अर्थ लागायचा तोच लागला. वहिनीला घरचं लोखंड चालत न्हाय, असं आता नात्यात बोललं जातं.

गेल्या आठवड्यात दीर आले. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला आले होते, त्या आवरेपर्यंत शेडकडे वळले. बोललो नव्हतो बरेच दिवस. ते टेबलापाशी थांबले, नव्या प्लेटवर अंगठा ठेवून हलवून पाहिलं.

"ह्याला प्ले हाय, वहिनी. हलतंय."

"आहे थोडा. लॉक केला की जातो."

"स्क्रूला पितळी बुश घालावा लागंल. काढून द्या, दोन दिवसांत..."

"नको."

"फुकट देतोय की ओ!"

"भाऊजी, हात काढा तिथून."

त्यांनी हात काढला. मी किल्ली घालून पातं हवं तेवढं वर आणलं, लॉक केलं, पट्टी लावली आणि मोटर सुरू केली. ते काहीतरी बोलले. आवाजात ऐकू आलं नाही, आणि मी मोटर बंद केली नाही.