पक्कं रगत

मास्क हनुवटीखाली ओढायचा, छातीवर थाप मारायची आणि म्हणायचं, "आपलं रगत लई पक्कं हाय, सायेब." प्रत्येक सरकारी दवाखान्यात असा एक मामा तुम्ही पाहिला असेल.

केज तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यात मी थुंकी तपासायचो आणि आमचे शिपाई मामा थुंकीच्या डब्या गोळा करायचे. टीबीच्या पेशंटला खेटून चहा प्यायचे, शिव्या घालून त्याला गोळ्या गिळायला लावायचे. नोकरी सरत आली, तरी त्यांना साधा खोकला झाला नव्हता. 'मामांना बघून टीबीच पळतो,' असं आम्ही कौतुकाने सांगायचो. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

मग त्यांच्या सुनेच्या थुंकीत जंतू निघाले. रिपोर्ट मीच दिला.

"म्हायेराहून आणलं तिनं. आमच्या घराण्यात न्हाई हे."

सुनेची औषधं सुरू झाली. घरात चार वर्षांची नात होती. तिला रोग होऊ नये म्हणून डॉक्टर मॅडमनी तिच्यासाठीही गोळ्या दिल्या.

"तिला कावून? माझंच रगत हाय की तिच्यात."

"मामा, काहींच्या अंगात या जंतूला अडवायची ताकद जन्मतःच जास्त असते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यात असेल. ती नातीत उतरलीच असेल असं नाही. गोळ्या द्याच."

दर आठवड्याला मी विचारायचो, "नातीच्या गोळ्या चालू आहेत ना?" मामा डोळा मारायचे. "टाका की खूण." मी कार्डावर खूण करायचो. दुसरा कुणी असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण मामा आमच्यातले होते.

तिसऱ्या महिन्यात पोरीला झटके आले. टीबी मेंदूत गेला होता. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही. मामांच्या ट्रंकेत गोळ्यांच्या पट्ट्या न फोडलेल्या सापडल्या. सून बरी झाली. तिने मामांशी बोलणं टाकलं आणि माझ्याशीही. बरोबरच केलं तिने.

त्यानंतर मामा दर महिन्याला स्वतःची थुंकी डबीत घेऊन यायचे. "बगा सायेब, आता तरी निघंल." मी मुद्दाम जास्त वेळ बघायचो. काही निघायचं नाही.

रिटायर झाले त्या दिवशीही रिपोर्ट स्वच्छ होता. मामांनी तो चार वेळा वाचला. मास्क नीट नाकावर ओढला आणि छातीवर जोरात मूठ मारली.

"ह्याच्या मायला," म्हणाले, "लई पक्कं हाय."