पुजलेल्या समईचा पट्टा

सुपातली अर्धी तूर पाखडून झाली होती, तेवढ्यात माया फाटक ढकलून अंगणात आली.

"काकू, आयकलं का? गोवर्धनभाऊ जीप विकून राहिले म्हणे!"

पार्बताबाईचा हात थांबला. "कावून वं?"

"कावून काय? आपल्या मंडळातल्या बाया बोलतेत ना. सामान धड बांधता येत नाई अन् बायामाणसं घाटात नेते. पौर्णिमाच्या कपाळाले सात टाके पडले, ते काय उगाच?"

"हो नं बाई," पार्बताबाई म्हणाली. म्हणाली आणि तिचे कान तापले. अपघातानंतरच्या नऊ दिवसांत हे 'हो नं बाई' तिनं कितीजणींना म्हटलं होतं!

राजापेठेच्या मागच्या गल्लीत पार्बताबाईला कोण ओळखत नाही? शहराबाहेर त्यांचं शेवंती-झेंडूचं वावर. लग्न होऊन आली तेव्हापासून पहाटे उठून फुलं तोडायची, हार गुंफायचे आणि पहिला हार देवीला घातल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. माणसं गेली, सुना आल्या, गुडघे गेले, पण हा नेम कधी मोडला नाही. म्हणून देवीच्या मंडळातल्या पंचवीस बायका कोणत्या तिथीला काय करायचं हे तिलाच विचारत. तिचा शब्द खाली पडत नसे.

दरवर्षी मंडळातल्या सात-आठ जणी मेळघाटातल्या देवीच्या ठाण्यावर जातात. परतवाडा सोडून घाट चढला की पुढं रस्ता असा नाहीच, नुसते दगड आणि नाले. तिथं चारही चाकं ओढणारी जीपच लागते, आणि तशी जीप गोवर्धनची. एरवी तो त्यात संत्र्याच्या पेट्या वाहतो. सामान भरणं म्हणजे त्याचं एक सोवळंच. जड ते खाली, सीटच्या पाठीला टेकवून. सीटच्या पाठीपेक्षा उंच काही जाऊ द्यायचं नाही. वरून जाळी, दोन्हीकडून पट्टे, मग प्रत्येक वस्तू हातानं हलवून पाहायची. आणि घाटाच्या पायथ्याशी पुन्हा सगळे पट्टे ओढायचे, कारण खड्ड्यांनी सामान बसतं आणि पट्टा ढिला पडतो.

त्या दिवशी परतवाड्यात चहाला थांबले, तेव्हा तो पट्टेच ओढत होता. मंडळाची पितळी समई, कमरेएवढी, जाळीत मावेना म्हणून बाजूला आडवी ठेवून तिच्यावरूनही त्यानं पट्टा घेतला होता. सकाळी पार्बताबाईनं ती पुजून, हळदकुंकू लावून गाडीत चढवली होती. पुजलेली वस्तू बांधायची नाही, हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. त्यात तो पट्टा रोज पेट्यांवरचा, मळका.

"अरे, देवीची समई हाय ते! चोरावानी काय बांधून राहिला?"

गोवर्धन हसला. "मावशी, घाटात देवीच्या समईलेबी वजन असते. सोडा म्हणाल तर गाडी इथूनच वापस."

बायका हसल्या. पार्बताबाईला ते लागलं. तो हात धुवायला नळावर गेला, बायका कपबशा परत द्यायला गेल्या, आणि तिनं बकल दाबून पट्टा सोडला. कुणाला दिसू नये म्हणून वरून देवीचं लाल वस्त्र पांघरलं. मनातल्या मनात देवीची क्षमाही मागितली, की तुला बांधलं गं बाई.

तिसऱ्या वळणावर गाय आडवी आली. गोवर्धननं ब्रेक दाबला. समई दोन सीटांच्या मधून सुसाट पुढं आली आणि पुढच्या बाजूला बसलेल्या पौर्णिमाच्या कपाळावर आदळली. शिकवणी घेणारी, सव्वीस वर्षांची पोरगी. रक्त पाहून सगळ्यांची बोबडी वळली. दवाखान्यात टाके पडत असताना गोवर्धन सुटा पट्टा हातात घेऊन बाहेर उभा होता. "बकल नीट बसलं नसंन. माहीच चूक झाली," असं तो येईल त्याला सांगत होता.

पार्बताबाई तिथंच बाकावर जप करत बसली होती. तिनं तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून देवीला हार घालताना ती मान वर करत नव्हती. मूर्तीच्या पायांशी हार ठेवायची आणि उठायची.

"अन् काकू," माया पुढं बोलतच होती, "पुढच्या सालाले दुसरी गाडी पाहू. तुमीच सांगा बायाइले, तुमचं आयकतेत."

पार्बताबाईनं सूप बाजूला सरकवलं. "माया, चल माह्यासंग."

गोवर्धन अंगणात जीप धूत होता. तिला पाहून त्यानं पाणी बंद केलं. "या मावशी."

"पट्टा मी सोडला होता, गोवर्धन." ती म्हणाली. "परतवाड्यात. तू नळावर गेला तवा. पुजलेली समई बांधू नाई म्हून सोडला, अन् वरतून वस्त्र टाकलं."

मायाच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

गोवर्धननं हातातला पाइप खाली ठेवला. मग म्हणाला, "नऊ दिवस मी ते बकल लावून-काढून पाहून राहिलो, मावशी. बायको म्हणे याड लागलं का तुमाले. मले वाटे, माह्या हातातच काई राह्यलं नाई आता."

"मले माफ कर, बाबू."

"मले नका मागू माफी," तो म्हणाला. रागावून नाही, पण सोपंही केलं नाही त्यानं. "कपाळ तिचं फुटलं. अन् मंडळात माहं नाव गेलं, ते जसं गेलं तसंच तुमीच वापस आणा. मायाच्या तोंडून नको."

माया पदराशी चाळा करत जमिनीकडे पाहत राहिली. पार्बताबाईनं मान हलवली. आपल्याला रडू येतंय हे तिला कळलं, पण इथं रडायचा हक्क आपला नाही, हेही कळलं.

"बायाइले आज संध्याकाळी माह्या घरी बोलाव," ती मायाला म्हणाली. "काय सांगाचं ते मीच सांगीन."

पौर्णिमाचे टाके आज चारला काढायचे होते. पार्बताबाई तिला दवाखान्यात न्यायला निघाली. बायकांच्या आधी हे तिला सांगायचं होतं.