कच्चं लिंबू

आळीतल्या पोरांनी माझ्या चार वर्षांच्या मुलाला पकडापकडीत कच्चं लिंबू केलं, म्हणजे खेळायचं पण आउट व्हायचं नाही, म्हणून मी एकदा पदर खोचून भांडायला गेले होते. "माझा मुलगा काही कच्चा नाही, त्याच्यावरही राज्य येऊ द्या!" पोरांनी मुकाट्याने दिलं. बिचारा मोठ्यांच्या मागे धाव धाव धावला, एकही पोर हाती लागलं नाही, आणि शेवटी माझ्या कुशीत शिरून त्याने भोकाड पसरलं. मी मोठी शहाणी त्यालाच म्हणाले, "जरा जोरात पळायचं!"

काल सोसायटीच्या बाकावर बसून मी त्याच्या लेकीला खेळताना पाहत होते. तीही कच्चं लिंबू. सारखी पकडली जात होती, पण ऐट अशी, की सगळा खेळ तिच्यावाचून अडलाय. मोठ्यांचं बघून हळूच हुलकावणी द्यायलाही शिकली. हरायची भीती नसली की मूल किती धीट होतं! पोरांना सुचलेला हा नियम आम्हा आयांना कुठला सुचायला?

माझे पाय बाकाखाली चुळबुळत होते. गुडघे मात्र नको म्हणत होते. तिने ते पाहिलं असावं. धापा टाकत आली आणि माझा हात ओढत म्हणाली, "आजी, चल ना! तुला कोणी आउट नाही करणार. तू पण कच्चं लिंबू!"