नळ गेल्यावरचा अर्धा तास

हौदाच्या झाकणाला कुलूप बघून मी हातातला पाना खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षं लातुरात प्लंबिंग करतोय. गोदामाला कुलूप बघितलं, तिजोरीला बघितलं, एका घरी तर फ्रिजलाही बघितलं. जमिनीतल्या हौदाला लावलेलं पहिल्यांदाच बघत होतो.

मी गेलो होतो हौद धुवायला. शिवरात्र झाली की माझी घरोघरची फेरी सुरू होते. ऊन तापायच्या आत हौदाच्या तळाचा गाळ काढायचा, गच्चीवरच्या टाकीतला क्षाराचा पांढरा थर खरवडायचा, ठिबकणाऱ्या नळांचे वॉशर बदलायचे, बॉल कॉक तपासायचा. बॉल कॉक म्हणजे टाकी भरत आली की तरंगत वर येऊन पाणी बंद करणारा गोळा. तो अडकला की टाकी वाहते आणि गच्चीला ओल धरते. नुसता ठिबकणारा नळही दिवसभरात बादली भरतो, आणि आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात ती बादली म्हणजे एका माणसाची आंघोळ. तरी लोक दुखल्याशिवाय डॉक्टरकडं जात नाहीत आणि गळल्याशिवाय प्लंबरला बोलावत नाहीत. दरवर्षी आपण होऊन बोलावणारी घरं माझ्याकडं जेमतेम पंधरा. मल्लिकार्जुनअप्पांचं घर त्यातलं.

अप्पांची भुसार मालाची आडत. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, बोलणं कमी. पूजेला आणि प्यायला नळाचंच पाणी लागतं, बोअरचं चालत नाही. खाली अप्पा आणि त्यांच्या पत्नी अक्का राहतात, वर दोन खोल्यांत भाडेकरू. भिंतीला भिंत लावून धाकट्या भावाचं घर. त्यांना सगळी गल्ली धाकटे अप्पा म्हणते. घर वेगळं झालं, पण दोघं भाऊ दुकानात एकाच गादीवर बसतात.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी नळ यायचा होता. हौद धुवायचा तो नळाच्या आदल्या दिवशीच, म्हणजे वाया जायला पाणी उरलेलं नसतं.

"अप्पा, कुलूप कशाला?" मी विचारलं.

अप्पांनी गळ्यातल्या जानव्यासारख्या दोरीत अडकवलेली किल्ली काढली. "आठ दिवसांचं पाणी पाच दिवसांत संपून राहिलंय, मिस्त्री. वर मास्तरीणबाई आल्यापासून. दिवाळीनंतर आल्या त्या. त्याच्या आधी नवव्या दिवशीबी हौदात हातभर पाणी राहायचं."

"माणसं किती हायत वर?"

"दोघी. मायलेकी. पण पाणी वापरतात धा जणांचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "धाकट्यानं सांगितलं, दादा, भाडेकरू काढा. पाडव्यापर्यंत खोल्या खाली करा म्हणून सांगून टाकलं मी. आज तुम्ही एक करा. हौदाचं झालं की वरचं कनेक्शन तोडून टाका. त्यांचं त्या टँकरनं बघतील."

मी मान हलवली. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. आमच्या धंद्यात ही मान फार कामाला येते.

हौदात उतरलो. बादलीभर पाणी होतं, ते उपसलं. गाळ काढला, भिंती घासल्या, फडक्यानं कोरड्या केल्या आणि बॅटरी लावून कोपरा न् कोपरा बघितला. हौदाला तडा असेल तर कोरड्या भिंतीवर तो ओलसर रेघ दाखवतो. एकही रेघ नव्हती. प्लास्टर शाबूत. म्हणजे पाणी जमिनीत मुरत नव्हतं.

वर येऊन पाय धूत होतो तेवढ्यात वरच्या जोशी मॅडम आल्या. औशाजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. शनिवारची सकाळची शाळा करून एसटीनं आल्या होत्या, खांद्याची पर्स अजून खांद्यावरच होती. नवरा नांदेडला नोकरीला. मुलगी गौरी मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होती, क्लास इथून चालत पाच मिनिटांवर, म्हणून हे घर घेतलेलं.

"कनेक्शन तोडायला आलात ना?" त्यांनी सरळ विचारलं.

"हौद धुवायला आलोय, मॅडम."

"मग एक बघून जा." त्या मला वर घेऊन गेल्या. मोरीत तीन बादल्या ओळीनं ठेवलेल्या. एकीत भांडी विसळलेलं पाणी, ते संडासाला. दुसरीत कपड्यांचं, ते फरशीला. तिसरी स्वच्छ. "गौरी आठवड्यातून एकदा केस धुते. अठरा वर्षांची मुलगी आहे हो! आता आणखी काय कमी करायचं, ते तुम्हीच सांगा."

आतल्या खोलीत गौरी पुस्तकात डोकं घालून बसली होती. तिनं वर बघितलं नाही, पण तिची पेन्सिल थांबली होती.

"परीक्षा मे महिन्यात आहे," मॅडम दाराशी येऊन हळू म्हणाल्या. "पाडव्याला घर सोडायचं म्हणजे या दिवसांत जागा शोधायची, सामान हलवायचं, तिची सगळी लय मोडायची. दोन वर्षं घातलीत तिनं. आणि पाणीचोर म्हणून बाहेर पडायचं, ते वेगळंच."

मला राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं. अप्पा वाईट माणूस नाही, मॅडम खोटं बोलत नव्हत्या, आणि हौद तर गळत नव्हता. मग पाणी जातं कुठं? मी खाली येऊन अप्पांना म्हटलं, "उद्या नळ आला की मला बोलवा. कनेक्शनचं मग बघू."

"उद्या काय बगणार?"

"पाणी."

रविवारी दीडच्या सुमाराला अक्कांचा फोन आला. आमच्या गावात नळाचा दिवस साधारण ठरलेला असतो, वेळ नसते. म्हणून हौदात येणाऱ्या लाइनला कुणी तोटी बंद करून ठेवत नाही. व्हॉल्व्ह कायम उघडा. पाणी कधीही येवो, आलं की हौदात पडलं पाहिजे. मी पोचलो तेव्हा अर्धा हौद भरला होता. आधी हौदातून वर पाणी चढवणाऱ्या मोटरचा फ्यूज काढून खिशात घातला. आता वर थेंबभर पाणी चढणं शक्य नव्हतं. मॅडमनाही खाली बोलावून घेतलं. त्या येऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या, अप्पा खुर्चीवर. दोघं एकमेकांकडं न बघता हौदाकडं बघत होते.

साडेतीनला नळ गेला. हौद काठोकाठ. मी वाकून पाण्याच्या रेषेवर भिंतीवर खडूनं खूण केली.

"आता?" अप्पा म्हणाले.

"आता बसायचं."

शेजारी धाकट्या अप्पांची मोटर घुमत होती. लाइनला थेट मोटर जोडणं नियमात बसत नाही, पण आमच्याकडं निम्म्या गावाची जोडलेली आहे. नळ गेल्यावरही लोक ती अर्धा तास चालू ठेवतात, पाइपात उरलंसुरलं ओढून घ्यायला. अक्कांनी चहा आणला. चहा संपेपर्यंत खडूची रेघ पाण्याच्या दोन बोटं वर आली होती. थोड्या वेळानं चार बोटं. फ्यूज माझ्या खिशात, अप्पांच्या घरातले सगळे नळ बंद, आणि आमच्या डोळ्यांदेखत हौद उतरत होता.

अप्पा खुर्चीवरून उठून गुडघ्यावर बसले. मॅडमही उठून आल्या. मी फाटकाजवळच्या खड्ड्यात हात घालून लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. पाणी जागच्या जागी थांबलं. शेजारची मोटर कोरडी घरघरायला लागली.

तिथंच मला कळलं.

आता जरा समजावून सांगतो. नळाच्या लाइनला हौदाच्या आधी एक झडप बसवलेली असते. तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात. ती पाणी आत येऊ देते, मागं जाऊ देत नाही. दुसरी गोष्ट, हौदात येणाऱ्या पाइपाचं तोंड नेहमी पाण्याच्या वर पाहिजे. इथं बांधकामाच्या वेळीच गवंड्यानं तो पाइप तळापर्यंत नेला होता. अक्कांच्या खोलीच्या खिडकीखाली हौद, पाणी पडायचा धबधबा होतो, झोप मोडते, म्हणून. तोंड पाण्यात बुडालेलं आणि झडप नाही, अशा वेळी लाइन रिकामी झाली आणि दुसरीकडून कुणी ओढलं, की तोच पाइप हौदातलं पाणी उलटं शोषून बाहेर नेतो. डिझेलच्या कॅनमधून नळीनं डिझेल काढतात, तसंच. लाइन फुटकी असेल तर याच वाटेनं गटाराचं पाणीही आत येतं, ते वेगळं.

धाकट्या अप्पांचं घर उताराला. त्यांची मोटर जोरदार. आणि झडप? झडप मीच काढली होती.

दिवाळीच्या आधी अप्पांनी तक्रार केली होती की नळ बारीक येतोय. मी बघितलं तर झडप क्षारानं चोंदलेली. काढली आणि जागी साधा पाइपाचा तुकडा बसवला. त्या खेपेला नळाला पाणी धो धो आलं. अप्पा खूश झाले. "चार दिवसांनी नवीन बसवतो," मी म्हणालो होतो. चार दिवस गेले, सणाची कामं आली, आणि मी विसरलो. पंधरा दिवसांनी वर मॅडम राहायला आल्या.

खरं सांगतो, मनात आलं की गप्प बसावं. गवंड्यावर ढकलता आलं असतं. गवंडी कधीच सोलापूरला गेलेला, अप्पांना झडपेतलं ओ की ठो कळत नाही. नवीन झडप बसवून "लाइनमध्ये फॉल्ट होता" म्हटलं असतं तर कुणी पुढं विचारलंही नसतं. फॉल्ट हा शब्द फार सोयीचा आहे, त्याला नाव-गाव नसतं. पण मॅडम माझ्याकडं बघत होत्या आणि मला त्या तीन बादल्या आठवत होत्या.

"अप्पा," मी म्हणालो, "वरच्यांनी पाणी वापरलं न्हाई. ही चूक माझी हाय." आणि सगळं सांगितलं.

अप्पा गुडघे झाडत उठले. मग म्हणाले, "म्हणजे माझं पाणी जात होतं कुठं?"

मी शेजारच्या भिंतीकडं बोट केलं.

नेमके तेव्हाच धाकटे अप्पा कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "दादा, तुमचा नळ गेला का? आमचा आत्तापर्यंत चालू होता बगा. उताराचं घर लई फायद्याचं. दर खेपेला अर्धा तास जास्त येतो."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मला हसावं का रडावं कळेना. अप्पा भावाकडं बघत राहिले. मला वाटलं आता भडकणार. परक्या बाईला खोल्या खाली करा म्हणायला त्यांना दोन मिनिटं लागली होती. भावाला ते एवढंच म्हणाले, "हाव. जास्त येतो." आणि आत निघून गेले.

मी त्याच संध्याकाळी नवीन झडप बसवली. तळापर्यंत गेलेला पाइप वर कापून त्याचं तोंड पाण्यापासून वीतभर उंच ठेवलं. अक्कांना म्हटलं, आता आवाज होईल. त्या म्हणाल्या, "होऊ द्या धबधबा. इतके दिवस शांत झोपले म्हणून तर हौद रिकामा झाला." मजुरी घेतली नाही. घ्यायला तोंड नव्हतं.

हत्यारं पिशवीत भरत होतो तेव्हा अप्पा बाहेर आले. कुलूप त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभं राहून वर हाक मारली, "मॅडम, ते पाडव्याचं राहू द्या. पाहिजे तेवढे दिवस राहा."

मॅडम कठड्याशी आल्या. रागावलेल्या दिसल्या नाहीत. "गौरीची परीक्षा होईपर्यंत राहते, अप्पा. मुलीसाठी. पुढचं पुढे बघू."

"आमचं चुकलं," असं अप्पा म्हणतील म्हणून मी पिशवीची चेन लावायला उगीच वेळ लावला. ते म्हणाले नाहीत. "चहा घ्या," म्हणाले. मॅडमनी मान हलवून नको म्हटलं.

त्यानंतर आठव्या दिवशी अप्पांच्या हौदात हातभर पाणी होतं. धाकट्या अप्पांनी मला बोलावून विचारलं, आमचा नळ अलीकडं लवकर का जातो? मी म्हणालो, तुमच्या दादांना विचारा. ते अजून विचारताहेत आणि दादा अजून सांगत नाहीत.

जूनमध्ये गौरीचा निकाल लागला. तिला मार्क चांगले पडले. त्याच आठवड्यात मॅडम दुसऱ्या गल्लीत राहायला गेल्या. अप्पांनी दोनदा थांबा म्हटलं, अक्का तर रडल्या. मॅडम अक्कांच्या पाया पडल्या, अप्पांना नमस्कार केला आणि टेम्पोत बसल्या.

तेव्हापासून कुठलाही भाग काढला की मी तो गिऱ्हाईकाच्या हातात देतो आणि घरातल्या सगळ्यांसमोर सांगतो, हे काढलंय, याच्या जागी अजून काही बसलेलं नाही. लोक हसतात. हसू देत.

यंदा शिवरात्रीनंतर पुन्हा अप्पांच्या हौदात उतरायचं होतं. नळाचा आदला दिवस असूनही कमरेइतकं पाणी होतं. मोटर लावून मी ते वरच्या खोल्यांच्या टाकीत चढवू लागलो.

"वर कशाला चढवता?" अप्पा म्हणाले. "वर कोण हाय प्यायला?"

पाणी कमी पडलं की आधी पाइप तपासावा. माणूस तपासायची पाळी बहुतेक येतच नाही.