मामांची तक्रारवही

मामा कुठेही गेले की आधी तक्रारवही मागत. तक्रार असो वा नसो. हॉटेलात, सर्कशीत, प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावर. ते पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन होते. येणाऱ्या गाडीसाठी रूळ बदलून देणे हे त्यांचे काम. मागितली की वही द्यावीच लागते, हा स्टेशनातला नियम त्यांनी साऱ्या जगाला लावला होता. "जिथं तिकीट, तिथं वही," असे ते सांगत.

दर उन्हाळ्यात रेल्वेच्या पासावर ते आपली मुलगी सुशी हिला मोठे शहर दाखवायला नेत. मी भाचा, म्हणून माझे तिकीट वेगळे काढत. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असे. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी पाटी दिसली की तिच्याच खाली फडके पसरत. "पाटी वाचत वाचत जेवा रे. दोनी पचतील."

सुशी आठ वर्षांची असताना आम्ही पुण्याला गेलो. पोलिओमुळे तिच्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर होता. ती वर्षभर एकाच गोष्टीबद्दल बोलत होती: तिथल्या एका बागेतली छोटी आगगाडी. आम्ही तासभर रांगेत उभे राहिलो. पायरीवर चालकाने तिला अडवले.

"अशा मुलांना बसवत नाही."

"अशा म्हंजे कशा?" मामांनी विचारले.

"वरून सूचना आहेत."

गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतका होता. दाराला साखळी होती. धोका कोणता, हे कोणी सांगितले नाही. सूचना म्हणजे कारण नव्हे, हे त्या माणसाला कधी कोणी सुनावले नसावे. मामांनी वही मागितली. वही नव्हती.

मग मामांनी जे केले ते नोकरीत कधी केले नसते. ते रुळांवर उतरले आणि इंजिनासमोर उभे राहिले. "सायबाला बोलवा. तवर गाडी सुटत न्हाई."

डब्यांतून आईबाप ओरडू लागले. "अहो, बाजूला व्हा! मुलं रडताहेत!"

"माझी रडत न्हाई, म्हणून तुमाला दिसंना का?"

साहेब आलेच नाहीत. दोन पहारेकरी आले आणि मामांना दंडाला धरून फाटकाबाहेर काढले. सुशी आपल्या पायांनी मागून आली. परतीच्या गाडीत मामा एवढेच म्हणाले, "वही न्हाई म्हंजे मालकच न्हाई. रांडेचे."

मामांना जाऊन चार वर्षे झाली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सुशी आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन त्याच बागेत गेली. मी सोबत होतो. पाटी नवी आणि गुळगुळीत होती: 'सुरक्षेच्या कारणास्तव'. लहान मुलासोबत पालक हवा, असेही लिहिले होते. मुलगी डब्यात बसली. सुशी चढू लागताच चालकाने कॅलिपरकडे पाहिले.

"ताई, तुम्ही नको. या दादांना बसू द्या."

सुशीने तक्रारवही मागितली. त्याने खांबावरच्या चौकोनाकडे बोट केले. "मोबाईलवर स्कॅन करा."

तिने मोबाईल काढला नाही. कठड्याला धरून ती हळूहळू रुळांवर उतरली आणि इंजिनासमोर उभी राहिली.

"अहो मॅडम, मुलं खोळंबलीत!" डब्यातून एक बाप ओरडला.

"मी तीस वर्षं झाली खोळंबलेय," सुशी म्हणाली. "सायबाला बोलवा. येताना वही आणायला सांगा."

तिची मुलगी साखळीखालून वाकून डब्यातून उतरली आणि आईचा हात धरून उभी राहिली. मी दोघींच्या शेजारी गेलो. चालकाने इंजिन बंद केले आणि फोन लावला.