आईच्या कडेवरचे मूल

२००३ च्या मे महिन्यात वसईजवळच्या आमच्या गावात, चर्चच्या हॉलमध्ये, गावाच्या जुन्या आणि नव्या फोटोंचे प्रदर्शन भरले. त्यातल्या एका फोटोत माझी आई जिवंत होती.

तोपर्यंत माझ्याकडे आईचा एकच फोटो होता, तिच्या मयताचा. त्या काळी गावात फोटोवाला दोनच प्रसंगी येई, लग्नाला आणि मयताला. शवपेटी अंगणात बाकांवर ठेवत, झाकण काढत आणि घरची माणसे मागे उभी राहत. अनेकांचा आयुष्यातला तेवढाच फोटो. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्या फोटोत मी काकीच्या कडेवर आहे. पुढे मला काकीनेच वाढवले.

प्रदर्शनाची सूचना रविवारच्या मिस्सानंतर फादरांनी दिली. घरातले जुने फोटो आणून द्यावेत. मयताचे मात्र नकोत. प्रत्येक जुन्या फोटोखाली त्याच जागेचा आजचा फोटो लावायचा होता. जुन्या फोटोतली जी माणसे हयात असतील ती नव्यात आपापल्या जागी उभी राहणार होती. मी तेव्हा वसईतल्याच एव्हरशाईन सिटी या वसाहतीत राहत होते आणि मुंबईत एका वर्तमानपत्रात नोकरी करत होते, म्हणून फोटोंखालच्या ओळी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

आई असलेला फोटो शेजारच्या मावशीच्या लग्नाच्या अल्बममधून आला. मांडवाखाली बायका ओळीने उभ्या, मागे केळीची वाडी, उजवीकडे विहिरीचा कठडा. डावीकडून तिसरी माझी आई. बाकीच्या कॅमेऱ्याकडे पाहत होत्या. ती कडेवरच्या मुलाकडे पाहून हसत होती. मुलाचे डोके तिच्या हनुवटीखाली होते.

‘कडेवर तिची मुलगी’ असे मी पेन्सिलीने लिहिले.

दुसऱ्या दिवशी माझी चुलत बहीण काकीला घेऊन हॉलवर आली. ती काकीची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लहानपणी आम्ही काकीच्या दोन बाजूंना झोपत असू आणि काकीचे तोंड कोणाकडे यावर रोज भांडण होई. बहुतेक वेळा निकाल माझ्या बाजूने लागे, कारण मला आई नव्हती. तरी हेवा मलाच वाटे. तिला निकालाची गरज नव्हती. लग्नानंतरही ती गावातच राहिली. काकी, अंगण, वाडी सगळे तिच्याजवळच राहिले.

तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, “अगं, ही तर मी!”

“कशावरून?”

“हे कान बघ. शाळेत सगळे सुपडी म्हणायचे. तू पण म्हणायचीस.”

“त्या वयात सगळ्यांचेच कान मोठे दिसतात.”

“ऐकलंस का, आई? फोटोतसुद्धा हिला माझीच जागा पाहिजे.”

काकीने चष्मा लावला आणि फोटो उजेडात धरला. “हीच आहे,” ती आपल्या मुलीकडे मान करून म्हणाली.

“मग तू कुठे आहेस?” मी विचारले.

“मी लुगडं बदलायला घरी गेले होते. फोटोवाला आलाय म्हणाले, म्हटलं लग्नातलं लाल नेसून यावं. पोरगी तुझ्या आईकडे दिली. बाहेर येते तर त्या मेल्याने कॅमेरा पेटीत घातलेला!” कालच घडल्यासारखा तिचा आवाज चढला. मग तिने माझ्याकडे पाहिले. “तोंड काय पाडतेस? तिला तुझ्या आईने एका फोटोपुरतं घेतलं. तुला मी लग्न होईपर्यंत सांभाळलं.”

चुलत बहीण हसली. मी हसले नाही.

एकाच माणसाच्या सांगण्यावर पेपरात बातमी जात नाही. संध्याकाळी मी मावशीकडे गेले. ती त्या लग्नातली नवरी. तिने प्रश्न पुरा होऊ दिला नाही.

“तू? तू कुठून येणार? माझ्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला तुझी आई पोटुशी होती. लग्नात तू कुठली गं?”

दुजोरा मिळाला. मी पेन्सिलीची ओळ खोडून ‘कडेवर जावेची मुलगी’ असे लिहिले.

नवा फोटो त्यानंतरच्या रविवारी मिस्सानंतर मावशीच्या अंगणात काढला. विहिरीवर सिमेंटचा स्लॅब पडला होता आणि त्यावर पाण्याचा पंप बसवला होता. वाडीच्या जागी चार मजली इमारत होती. जुन्या फोटोतल्या तिघीच हयात होत्या : मावशी, तिची नणंद आणि माझी चुलत बहीण. बहीण डावीकडून तिसऱ्या जागी जाऊन उभी राहिली.

“ये की तू पण,” तिने मला हाक मारली. “इथे दोघी होतो. मी एकटीच काय उभी राहू?”

“जुन्या फोटोतलेच घ्यायचे, असा नियम आहे.”

“नियम तुझ्या पेपरात ठेव, बातमीदार बाई. हे अंगण आहे.”

मी फोटोवाल्याच्या मागेच थांबले. तेवढ्यात काकी फाटकातून आत आली. ती लाल लुगडे नेसून आली होती.

“आज घरूनच नेसून आलेय,” ती फोटोवाल्याला म्हणाली. “आता काढ बघू!”

सगळे हसले. नियमाची आठवण कोणी तिला करून दिली नाही, मीही नाही. ती आपल्या मुलीच्या शेजारी उभी राहिली आणि तिचा हात तिने हातात घेतला. माझी आई त्याच जागी उभी होती. फोटो निघाला. मी नावे लिहून घेतली आणि काकीच्या नावापुढे ‘जुन्या फोटोत नाही’ अशी नोंद केली.

परतण्यापूर्वी मी फोटोवाल्याच्या दुकानात गेले. त्याने जुना फोटो कॉम्प्युटरवर चढवला होता. मला फक्त आईची प्रत करून हवी होती, एकटीची. कामावर मी रोज फोटो कापत असे. पुढाऱ्यांच्या आजूबाजूची माणसे त्यातून जात. त्याने डावीकडून चौकट लावून पाहिली, मग उजवीकडून, मग खालून वर आणली.

“मॅडम, बाळ काढलं तर हनुवटी जाते,” तो म्हणाला. “हनुवटी ठेवली तर बाळाचं डोकं राहतं. काय करू?”

मी त्याला चौकट आणखी वर घ्यायला सांगितली. पडद्यावर आईचे कपाळ आणि डोळे राहिले. हसू गेले होते. डोळे खाली पाहत होते, चौकटीबाहेर.

“मूळ होता तसाच काढा,” मी म्हणाले.

प्रदर्शन आठवडाभर चालले. ते संपल्यावर मूळ फोटो मावशीच्या अल्बममध्ये परत गेला. माझ्याकडची प्रत पूर्ण आकाराची आहे. तिच्यात दोघी आहेत.