तात्याबांची सनई कुठं संपते

वडूजच्या आप्पासोला सगळे कर्णेवाला म्हणत. त्याचे लाउडस्पीकरचे दोन कर्णे झाडावर चढल्याशिवाय लग्नाला शोभा नाही, असं निदान त्याचं स्वतःचं तरी मत होतं. लग्न कुणाचंही असो, पहिली तबकडी लागायची ती तात्याबा गुरवांच्या सनईची. मालकानं दुसरं काही लाव म्हटलं, की हा पठ्ठ्या ऐकू न आल्यासारखा वायरी तपासत बसायचा.

तात्याबा सांगलीकडचे. आप्पासोनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांची सनई त्याला तोंडपाठ होती. ते दम कुठं घेतात, सूर हळूच कुठं सोडतात, शेवटची तान चढत चढत जाऊन कुठं थांबते, सगळं. ती थांबली की आधी मशीनचा खटका बंद करायचा आणि मग सुई उचलायची, नाहीतर तबकडीची खरखर गावभर ऐकू जाते. त्या खरखरीचा त्याला भारी तिटकारा. तान चढू लागली, की हातातला घास ठेवून तो मशीनकडे धावायचा.

"माझ्या हाकंला कवा असं उठला न्हाईसा," त्याची बायको रंगुबाई म्हणायची.

चौऱ्याहत्तर साली कृष्णाकाठच्या नानासो पाटलांनी मुलीच्या लग्नाला साक्षात तात्याबांनाच बोलावलं. व्याही वडूजचे, म्हणून कर्णे आप्पासोचे. त्याची झोपच उडाली. तात्याबांनी एकदा 'कर्णा कुणाचा रं?' एवढं विचारावं, बाकी त्याला काही नको होतं.

लग्नाच्या दिवशी तात्याबा आले आणि आप्पासो बघतच राहिला. त्याच्या मनातला मिशाळ, धिप्पाड गडी कुठंच नव्हता. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला एक किरकोळ म्हातारा मांडवात येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, माईक जरा लांब सरकव."

मग त्यांनी सनई ओठाला लावली आणि नेमकं तेच वाजवायला घेतलं. तोच दम, तेच हळूच सूर सोडणं. मशीनशेजारी बसलेल्या आप्पासोच्या डोळ्यांना धार लागली. शेवटची तान चढू लागली, चढत गेली, पार टोकाला पोचली. आणि आप्पासोच्या हातानं खटका बंद केला.

कर्णे मुके झाले. मांडव दचकला.

सनई मात्र थांबली नव्हती. डोळे मिटून तात्याबा वाजवत होते. टोकाला गेलेली तान तिथून वळली आणि आप्पासोनं जन्मात न ऐकलेल्या वाटेनं खाली येऊ लागली. खटका पुन्हा लावायचा, एवढंही त्याला सुचेना. इतकी वर्षं उंबऱ्यापर्यंत जाऊन आपण माघारी फिरत होतो, आणि घर तर आत होतं.

"आरं ए! लग्नात सनई बंद पाडतूस?" नानासो पाटलांनी त्याला ढकललं आणि स्वतः खटका लावला. अक्षता पडल्यावर त्यांनी आप्पासोला दंडाला धरून तात्याबांपुढं उभं केलं. "माफी माग बुवांची!"

तात्याबांनी चष्म्यातून वर बघितलं. "मशीन बिघडलं हुतं का रं?"

"न्हाई जी. म्याच बंद केलं." आप्पासोनं मशीनकडं बोट केलं. "तबकडी तितंच संपती."

तात्याबांनी सनई मांडीवर ठेवली.

"तितं संपत न्हाई रं," ते म्हणाले. "तितं कंपनीच्या मानसानं हातानं खूण केली, तबकडी भरली, बास म्हनून. मी तरणा, भ्यालो, थांबलो. घरी जाऊन लय रडलो." मग त्यांनी भीत भीत विचारलं, "लोकांनी आजवर तेवढंच ऐकलं व्हय?"

"व्हय जी," आप्पासो म्हणाला. "मीच ऐकवलं."

पुढच्या लग्नात त्यानं पहिली तबकडी तीच लावली. तान चढली, टोकाला गेली, थांबली. कर्ण्यातून गावभर खरखर सुरू झाली. मांडवामागं स्वयंपाकाला आलेली रंगुबाई चुलीपासून ओरडली, "आवं, संपली की!"

"संपली न्हाई," आप्पासो म्हणाला, आणि त्यानं खटक्याकडं निघालेला हात मांडीखाली दाबून धरला.